आकडा एक, अर्थ अनेक : रोख्यांचे प्रकार आणि त्यांचे भाव

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या समभागाचा भाव ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २,३६,२५० रुपयांवर गेला. त्या दिवशी कंपनीला कोणते घबाड मिळाले नव्हते. एशियन पेंट्सचे समभाग तिच्याकडे कितीतरी वर्षे होते आणि त्यांची किंमत तिच्या ताळेबंदातून कोणालाही काढता येत होती. पण साडेतीन रुपयांना विकायला धारक तयार नव्हते आणि रोजच्या चढउताराच्या मर्यादेमुळे भाव एकदम फार वर जाऊ शकत नव्हता. सौदेच होत नसल्याने जुना आकडा पडद्यावर तसाच राहिला. अखेर बाजार नियामक सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी मर्यादेविना विशेष लिलावाची सोय केली आणि खरेदीदार व विक्रेते यांची गाठ पडली.

ही घटना टोकाची आहे, पण तिने दाखवलेली गोष्ट रोजची आहे. पडद्यावरचा प्रत्येक भाव खरा असतो, पण तो एका ठरावीक प्रश्नाचेच उत्तर देतो. समभागाचा भाव, सरकारी रोख्याचा भाव, फंडाच्या युनिटची किंमत म्हणजे एनएव्ही आणि ऑप्शनचा प्रीमियम हे चारही आकडे रुपयांतच असतात, मात्र प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. मार्च २०२०च्या अखेरीस देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. २०२५मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली. एवढ्या घरांची बचत आता या आकड्यांशी बांधली गेली असताना ते वाचता येणे ही ऐपतवाल्यांची हौस राहिलेली नाही.

कोणताही भाव समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. हा भाव नेमक्या कोणत्या हक्काचा आहे? तो कोणी आणि कशा रीतीने ठरवला? तो केव्हाचा आणि किती मालासाठी आहे? आणि त्यात काय धरलेले आहे, काय वगळलेले आहे? रोख्यांच्या मुख्य प्रकारांचा हा आढावा याच चार प्रश्नांच्या आधाराने घेतला आहे.

कायद्याच्या लेखी रोखे म्हणजे काय

१९५६च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) अॅक्टने रोख्यांची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. समभाग, बाँड, डिबेंचर, सरकारी रोखे, म्युच्युअल फंडांची युनिट्स आणि डेरिव्हेटिव्ह हे सारे तिच्यात येतात. सोयीसाठी त्यांचे चार गट पाडता येतात. समभाग मालकीचा हक्क देतो. कर्जरोखा मुद्दल आणि व्याज परत मिळण्याचा हक्क देतो. युनिट एका सामाईक निधीतला वाटा देते. डेरिव्हेटिव्ह हा दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेला करार असतो.

या चौघांची विक्री एकाच अॅपवर, एकाच रंगसंगतीत होते, म्हणून ते सारखे वाटतात. पण कंपनी बुडाली तर कर्जरोखेधारकांची देणी आधी भागवली जातात आणि समभागधारक रांगेत शेवटी उभा असतो. उलट कंपनी दसपट वाढली तरी कर्जरोखेधारकाला ठरलेल्या व्याजापलीकडे पैसाही मिळत नाही. भाव ठरण्याच्या साऱ्या पद्धती या मूळ फरकातून निघतात.

समभाग : शेवटच्या सौद्याचा आकडा

मुंबईचा शेअर बाजार १८७५मध्ये दलालांची संघटना म्हणून उभा राहिला. त्याआधीपासून टाउन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडांखाली दलाल जमत. पुढे शंभरहून अधिक वर्षे भाव ओरडून आणि हातवारे करून ठरत होते. १९९४मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने, म्हणजे एनएसईने, पडद्यावरचे सौदे सुरू केले आणि १९९५मध्ये मुंबई शेअर बाजारही त्या वाटेने गेला. तेव्हापासून भाव संगणकातल्या ऑर्डर बुकमध्ये जुळतो. सर्वांत जास्त भाव देणारा खरेदीदार आणि सर्वांत कमी मागणारा विक्रेता आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी, असा नियम आहे.

अॅपवर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा म्हणजे एलटीपी, अर्थात शेवटच्या सौद्याचा भाव. तो होऊन गेलेल्या सौद्याबद्दल सांगतो. आपल्याला आत्ता काय मिळेल, हे त्याखालच्या दोन रांगा सांगतात. बिड म्हणजे खरेदीदार देऊ करत असलेला भाव आणि आस्क म्हणजे विक्रेता मागत असलेला भाव. समजा बिड ४८१.५०, आस्क ४८२.०० आणि एलटीपी ४८२.०० आहे. लगेच विकायचे तर मिळतील ४८१.५०, आणि तेही त्या भावाला जेवढे समभाग मागितले आहेत तेवढ्यांपुरते. त्याहून जास्त विकायचे असतील तर पुढची, खालच्या भावाची ऑर्डर लागते.

मोठ्या कंपन्यांत बिड आणि आस्कमधले अंतर काही पैशांचे असते. क्वचित सौदे होणाऱ्या छोट्या कंपनीत ते भावाच्या दोन-तीन टक्केही असू शकते, आणि तो खर्च कोणत्याही बिलावर छापलेला नसतो. अशा समभागात मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकणे म्हणजे समोरच्याला कोरा चेक देणे. तिथे आपला भाव लिहून लिमिट ऑर्डर टाकावी. अपर सर्किट, म्हणजे दिवसाची वरची मर्यादा, लागलेल्या समभागात विक्रेताच नसतो आणि लोअर सर्किटमध्ये, म्हणजे खालच्या मर्यादेला, खरेदीदार नसतो. दोन्ही वेळी भाव दिसतो, सौदा मिळत नाही.

बंद भावाचा अर्थही समजून घ्यावा लागतो. शेवटच्या क्षणी एका ऑर्डरने भाव फिरवता येऊ नये म्हणून दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांच्या भावांची, समभागांच्या संख्येनुसार भारित सरासरी काढण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. त्यामुळे साडेतीनला दिसलेला शेवटचा सौदा आणि जाहीर झालेला बंद भाव यांत फरक पडू शकतो.

दर्शनी मूल्य, बाजारभाव आणि कंपनीची एकूण किंमत या तिघांत नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. एमआरएफच्या समभागाने १३ जून २०२३ रोजी एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्याचे दर्शनी मूल्य दहा रुपये आहे. कंपनीचे एकूण समभाग ४२ लाखांच्या आसपास असल्याने तिची बाजारातली किंमत साधारण ४२ हजार कोटी झाली. रिलायन्सचे समभाग १,३५३ कोटी आहेत. म्हणून त्यांचा भाव एमआरएफच्या तुलनेत कितीतरी कमी असला तरी कंपनीची किंमत कित्येक लाख कोटींत जाते. एका समभागाच्या भावावरून कंपनी मोठी की छोटी, स्वस्त की महाग, हे ठरवता येत नाही. स्वस्त-महागाचा अंदाज घ्यायचा तर भाव प्रतिसमभाग नफ्याच्या किती पट आहे, पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे, लाभांश भावाच्या किती टक्के आहे, ही गुणोत्तरे त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावी लागतात.

कधी कधी भाव पडतो आणि कोणाचेच नुकसान होत नाही. रिलायन्सने २०२४मध्ये एकास एक बक्षीस समभाग दिले. ऑक्टोबरच्या अखेरीस भाव एका रात्रीत साधारण निम्मा झाला, पण धारकाकडचे समभाग दुप्पट झाले होते. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले की असेच घडते. लाभांशाच्या एक्स-डेटला भाव लाभांशाइतका उतरून सुरू होणे स्वाभाविक असते, कारण त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळणार नसतो. जुन्या भावांचा आलेख पाहताना तो या बदलांनुसार जुळवून घेतलेला आहे ना, हे तपासावे.

समभागांतही जाती आहेत. टाटा मोटर्सने २००८मध्ये मतदानाचा एकदशांश हक्क आणि थोडा जादा लाभांश असलेले डीव्हीआर समभाग काढले. कंपनी तीच, नफा तोच, तरीही हे समभाग वर्षानुवर्षे साध्या समभागांपेक्षा बऱ्याच कमी भावाला विकले गेले. २०२४मध्ये दहा डीव्हीआरमागे सात साधे समभाग देऊन कंपनीने हा प्रकार बंद केला. हक्कभागाच्या विक्रीत कंपनी जुन्या धारकांना नवे समभाग देऊ करते, तेव्हा तो हक्क स्वतःच बाजारात येतो. रिलायन्सच्या २०२०मधील हक्कविक्रीत १,२५७ रुपयांच्या समभागासाठी सुरुवातीला फक्त ३१४.२५ रुपये भरायचे होते. डिमॅट खात्यात आलेला हा हक्क वेगळ्या नावाने विकता येत होता आणि पुढे अंशतः भरणा झालेले समभागही स्वतंत्र भावाने चालले. ते ‘स्वस्तातले रिलायन्स’ समजून घेणाऱ्याला उरलेले हप्ते भरणे भागच होते. नावापुढची छोटी अक्षरे वाचायची ती यासाठी.

कर्जरोखे : भाव आणि उतारा

समभागांइतकी चर्चा कर्जरोख्यांच्या वाट्याला येत नाही, पण भाव वाचण्याची खरी कसोटी इथे लागते. सरकारी रोख्याच्या नावातच त्याची माहिती असते. ‘७.१० टक्के जीएस २०३४’ म्हणजे वर्षाला ७.१० टक्के व्याज देणारा आणि २०३४मध्ये मुदत संपणारा सरकारी रोखा. व्याज दर सहा महिन्यांनी मिळते आणि भाव १०० रुपयांच्या दर्शनी मूल्यामागे सांगतात.

भाव १०० असेल तर खरेदीदाराला मिळणारा वार्षिक उतारा, म्हणजे यील्ड, व्याजदराइतकाच असतो. बाजारातले व्याजदर बदलले की रोख्यावरचे व्याज बदलत नाही, त्यामुळे भावाला सरकावे लागते. दहा वर्षे मुदतीचा, सात टक्क्यांचा रोखा घेऊ. बाजार आता आठ टक्के मागू लागला, तर या रोख्याचा भाव सुमारे ९३ रुपये २० पैशांवर येईल. बाजार सहा टक्क्यांवर समाधान मानू लागला, तर भाव सुमारे १०७ रुपये ४४ पैसे होईल. ‘यील्ड वाढले’ ही बातमी म्हणूनच रोखा आधीपासून धरून असलेल्याला तोट्याची आणि नव्याने घेणाऱ्याला लाभाची असते. मुदत जितकी लांब, तितका हा झोका मोठा. यातले बारीक बदल बेसिस पॉइंटमध्ये सांगतात. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का.

दुसरी बाब साठलेल्या व्याजाची. विक्रेत्याने मागच्या व्याजतारखेपासून रोखा धरला तेवढ्या दिवसांचे व्याज त्याचे असते. सरकारी रोख्यांत वर्ष ३६० दिवसांचे आणि महिना ३० दिवसांचा धरतात. सात टक्क्यांच्या रोख्यावर ९० दिवसांचे व्याज १ रुपया ७५ पैसे होते. सांगितलेला भाव १०१.२० असेल तर खिशातून जातात १०२.९५. पहिल्याला क्लीन प्राइस आणि दुसऱ्याला डर्टी प्राइस म्हणतात. सांगितलेल्या भावात साठलेले व्याज धरले आहे की नाही, हे न विचारता दोन रोख्यांची तुलना केली तर ती चुकणारच. कंपन्यांचे एनसीडी, म्हणजे समभागांत न बदलणारे डिबेंचर, एक्स्चेंजवर घेताना हा प्रश्न हटकून विचारावा.

ट्रेझरी बिलांवर व्याज नसतेच. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ही बिले रिझर्व्ह बँक सरकारसाठी दर आठवड्याच्या लिलावात विकते. ती १००पेक्षा कमी भावाला मिळतात आणि मुदतीला १०० परत येतात. ९१ दिवसांचे बिल ९८.४० रुपयांना घेतले तर नफा १.६० रुपये. तो ९८.४०ने भागून, ३६५ भागिले ९१ने गुणला की वर्षाचा उतारा सुमारे ६.५२ टक्के निघतो. बँकेच्या मुदतठेवीशी तुलना करायची ती या आकड्याची. पूर्वी हा बाजार बँका आणि विमा कंपन्यांचा होता. १२ नोव्हेंबर २०२१पासून रिटेल डायरेक्ट या योजनेत सामान्य माणूसही रिझर्व्ह बँकेकडे थेट खाते उघडून दहा हजार रुपयांपासून सरकारी रोखे घेऊ शकतो. या सोयीची ओळख आपल्याकडे अजून फार कमी घरांना आहे, याचे मनापासून वाईट वाटते.

कंपन्यांच्या रोख्यांत परतफेडीची शंका भावात मिसळते. सरकारी रोख्यापेक्षा एखादा एनसीडी तीन टक्के जादा उतारा देत असेल, तर ते तीन टक्के जोखमीचे मोल आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पतमानांकनाने ती जोखीम मोजली जाते, पण मानांकन ही हमी नाही. आयएल अँड एफएस या वित्तकंपनीचे उच्च मानांकन २०१८च्या ऑगस्टपर्यंत टिकून होते आणि सप्टेंबरमध्ये ते ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदारीवर आले. मार्च २०२०मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन बाँड शून्य करण्यात आले. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हे बाँड मुदतठेवीहून थोडे अधिक व्याज देणारी सुरक्षित वस्तू समजून घेणाऱ्या निवृत्त माणसांनी भाव आणि व्याज पाहिले होते. बँक अडचणीत आली तर ही रक्कम बुडीत धरता येते, ही अट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. पहिला प्रश्न हक्काचा का, याचे उत्तर या प्रकरणात आहे.

युनिट्स : हिशेबातून निघणारा भाव

म्युच्युअल फंडाच्या साध्या योजनेत भाव घासाघिशीतून ठरत नाही. फंडाकडच्या सर्व रोख्यांची त्या दिवशीची बाजारकिंमत, वजा देणी, भागिले युनिटांची संख्या, असा एनएव्हीचा हिशेब असतो. त्यामुळे १२ रुपयांची एनएव्ही स्वस्त आणि ९०० रुपयांची महाग, ही समजूत निराधार आहे. दोन्ही फंडांनी दहा टक्के कमावले तर दहा हजारांचे अकरा हजारच होतात. एनएव्ही दिवसाच्या शेवटी निघते, म्हणून युनिट मागताना आपल्याला भाव ठाऊक नसतो. पैसे फंडाच्या खात्यात वेळेच्या मर्यादेआधी पोचले की नाही, यावर कोणत्या दिवसाची एनएव्ही लागू होणार हे ठरते.

हिशेबाचा भाव का महत्त्वाचा, हे युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ने शिकवले. १९६४पासूनची ही योजना मध्यमवर्गाची लाडकी होती, पण तिचा खरेदी-विक्रीचा भाव एनएव्हीशी बांधलेला नव्हता. संस्थाच तो जाहीर करत असे. आतल्या मालमत्तेची किंमत त्याहून खाली गेली. जुलै २००१मध्ये विक्री आणि परतखरेदी दोन्ही थांबवावी लागली. ठेव मानून ठेवलेला पैसा अडकला. जानेवारी २००२पासून योजना एनएव्हीवर आली आणि पुढे युनिट ट्रस्टचेच विभाजन झाले. ज्यांच्या घरात तेव्हाची कागदपत्रे आहेत, त्यांना जाहीर भाव आणि खरी किंमत यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

एक्स्चेंजवर विकल्या जाणाऱ्या ईटीएफला दोन भाव असतात : आतल्या मालमत्तेची किंमत आणि बाजारातला सौद्याचा भाव. निफ्टी बीज हा आपल्याकडचा पहिला ईटीएफ २००१च्या अखेरीस आला. मोठ्या ईटीएफमध्ये नवी युनिट्स काढून किंवा मोडून हे दोन भाव जवळ ठेवले जातात. ती वाट बंद झाली की ते फाकतात. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीची सात अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा २०२२च्या सुरुवातीला भरत आली, तेव्हा परदेशी समभागांच्या काही ईटीएफना नवी युनिट्स काढता येईनात आणि बाजारभाव मालमत्तेच्या किमतीहून चढा राहू लागला. तो चढा भाव देणारा माणूस पहिल्याच दिवशी तोट्यात असतो. ईटीएफ घेण्याआधी दिवसभर बदलत दाखवली जाणारी आय-एनएव्ही आणि बाजारभाव शेजारी ठेवून पाहणे एवढाच याला उपाय आहे. सुवर्णरोख्यांतही सोन्याचा भाव आणि एक्स्चेंजवरचा भाव वेगळे असू शकतात. इमारतींचे भाडे वाटणाऱ्या रीटमध्ये ‘वाटप’ म्हणून येणाऱ्या रकमेत भाडे, व्याज आणि काही वेळा आपल्याच भांडवलाची परतफेड एकत्र असते. उताऱ्याची टक्केवारी वाचताना ते वेगळे काढावे.

डेरिव्हेटिव्ह : थोड्या पैशांचा मोठा करार

आपल्या एक्स्चेंजांवर निर्देशांकाचे फ्युचर्स २०००मध्ये आणि ऑप्शन २००१मध्ये आले. फ्युचरचा भाव मूळ वस्तूच्या हजर भावाशी बांधलेला असतो. मुदतीपर्यंतचे व्याज त्यात मिळवले जाते, दरम्यान मिळणारा लाभांश वजा होतो. मुदत जवळ येते तसे दोन्ही भाव एकमेकांना येऊन मिळतात. पडद्यावरचा भाव एका युनिटचा असतो, करार मात्र पूर्ण लॉटचा, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याचा. मार्जिन म्हणून भरलेली रक्कम ही किंमत नव्हे, ती अनामत असते. तोटा तिच्यापलीकडे जाऊ शकतो. २० एप्रिल २०२०च्या कच्च्या तेलाच्या करारावर एमसीएक्स या वस्तुबाजारात उणे २,८८४ रुपये प्रति बॅरल असा भाव लागला, तेव्हा फ्युचरचा भाव शून्याच्याही खाली जाऊ शकतो हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

ऑप्शनचा प्रीमियम हे हक्काचे मोल असते. निफ्टी २४,९५० वर असताना २५,०००चा कॉल, म्हणजे त्या पातळीला खरेदीचा हक्क, १२० रुपयांना मिळत असेल, तर आज तो वटवून काहीच मिळणार नाही. ते १२० रुपये पूर्णपणे उरलेल्या वेळेचे आणि संभाव्य चढउताराचे आहेत. मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,१२०च्या वर गेला तरच खर्च धरण्याआधी नफा सुरू होतो. निफ्टी वर गेला, पण सावकाश गेला, तरी प्रीमियम वितळू शकतो. प्रीमियम पाच रुपयांवर आला म्हणजे ऑप्शन स्वस्त झाला असे नव्हे. तो वटण्याची शक्यता तेवढी उरली आहे, असे बाजार सांगत असतो. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा आकडा पाहिल्यावर शहरा-गावांतल्या तरुण मुलांना आठवडी ऑप्शन हा उत्पन्नाचा मार्ग म्हणून दाखवणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

निर्देशांकाचा भाव असतो का?

सेन्सेक्स आणि निफ्टी यांचे आकडे रुपये नाहीत. सेन्सेक्समध्ये १९७८-७९ हे वर्ष १०० धरले आहे आणि निफ्टीत ३ नोव्हेंबर १९९५ हा दिवस १,००० धरला आहे. बाजारात खुल्या असलेल्या समभागांच्या किमतीनुसार कंपन्यांना वजन मिळते. म्हणून पाच-सहा बड्या कंपन्या चढल्या की निर्देशांक चढतो, आणि त्याच दिवशी बहुसंख्य समभाग उतरलेले असू शकतात. निर्देशांक ८०० अंशांनी कोसळला या मथळ्यापेक्षा तो एक टक्का उतरला हे सांगणे जास्त प्रामाणिक आहे.

वाचकाने एवढे सगळे लक्षात ठेवावे अशी अपेक्षा नाही. खरेदीआधीची सवय मात्र लावून घेता येते. समभागात बिड, आस्क आणि उलाढाल. कर्जरोख्यात मुदतीपर्यंतचा उतारा, साठलेले व्याज, मानांकन आणि अटी. फंडात खर्चाचे प्रमाण आणि ईटीएफमध्ये आय-एनएव्ही. डेरिव्हेटिव्हमध्ये लॉटची पूर्ण रक्कम आणि होऊ शकणारा कमाल तोटा. हे आकडे एक्स्चेंज, रिझर्व्ह बँक आणि फंड कंपन्या विनामूल्य प्रसिद्ध करतात, पण अॅपच्या पहिल्या पानावर ते क्वचित असतात. तिथे शेवटचा भाव असतो आणि ‘खरेदी’चे बटण असते. विकणाऱ्याला एवढे पुरते. घेणाऱ्याने मात्र चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये; आणि ती मिळत नसतील, तर तो रोखा न घेणे हाही पूर्ण विचारांती केलेला गुंतवणुकीचा निर्णयच आहे.